कुलपातले बारा डबे

१

पहिल्या डब्याचं झाकण निघालं आणि आंबूस वास सुटला, तेव्हाच श्रीपाद कुलथ्यांच्या मनात पाल चुकचुकली.

१९८१च्या फेब्रुवारीतला मंगळवार. चिंचवड स्टेशनामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिघं उभी होती. अर्जुनराव गराडे म्हणजे 'गुरुवार चित्र' या चित्रपट कंपनीचे अध्यक्ष. कंपनी आता नावापुरतीच उरली होती, पण अध्यक्षपणाचा ताठा शाबूत होता. शालनबाई म्हणजे कंपनीची एके काळची स्वयंपाकीण, आणि गेली सहा-सात वर्षं लोखंडी कपाटाची किल्ली कमरेला लावून फिरणारी राखणदार. तिसरे श्रीपादराव, कारखान्याच्या तपासणी खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले. भिंतीवर त्यांच्याच अक्षरातली नियमांची पाटी अजून लटकत होती, पण धुळीनं ती अशी माखली होती की एक अक्षर लागेल तर शपथ.

अर्जुनराव खुशीत आले होते, आणि त्याला कारणही तसंच होतं. मुंबईच्या टीव्हीवाल्यांचं पत्र आलं होतं. कंपनीचा पहिला आणि शेवटचा चित्रपट, 'पवनेपल्याड', ते एका रविवारी दाखवणार होते. अट एकच, महिनाअखेर नवी प्रिंट द्यायची. जुन्या दोन प्रिंटांपैकी एक तंबूत सिनेमा दाखवणाऱ्यांनी फिरवून फिरवून झिजवली होती, दुसरी सोलापूरकडे गेली ती गेलीच. राहिली मूळ निगेटिव्ह. बारा रिळं, बारा डबे, सगळे कुलपात.

अर्जुनरावांनी खिडकीच्या उजेडात फिल्म धरली. हंडा घेऊन येणारी नायिका. मग शॉटचा नंबर लिहिलेल्या पाटीचा ठोका. पुन्हा हंडा घेऊन येणारी नायिका, या खेपेला हसू फुटलेली. पुन्हा ठोका, पुन्हा हंडा. त्यांनी दुसरा डबा उघडला. त्यातही तेच, फक्त हंड्याऐवजी बैलगाडी.

"हे आपलं पिक्चर नाही," ते हळूच म्हणाले. "हा सगळा टाकाऊ माल आहे. चुकलेले शॉट."

मग अर्जुनराव शालनबाईंकडे वळले. "किल्ली कुणाकडं असते?"

"माज्याकडं."

"दुसरी किल्ली?"

"न्हाई दुसरी."

"मग झालं. जुन्या फिल्मची चांदी काढणारे कॅम्पात बसलेत, हे मला काय ठाऊक नाही? आतला माल विकला आणि डब्यात कचरा भरला. परवा गुरुवार. गुरुवारी संध्याकाळपर्यंत पिक्चर समोर आलं नाही, तर चौकीवर जाऊन मी तुझं नाव देणार."

शालनबाईंनी कमरेची किल्ली मुठीत धरली. एका बालवाडीत सेविका म्हणून त्यांना पुढच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. विधवा बाई, वय पंचेचाळीस, आयुष्यातली पहिली पगारी नोकरी. चोरीचा आळ आलेल्या बाईच्या हाती लोक पोरं कशी देणार?

श्रीपादराव गप्प उभे राहिले. हे गप्प राहणं त्यांना नंतर फार लागलं. पण त्या क्षणी त्यांच्याही मनात तेच आलं होतं. मग जरा उशिरानं का होईना, ते बोलले, "गुरुवारपर्यंत मला द्या."

२

'गुरुवार चित्र' हे नाव देवाधर्मावरून पडलेलं नव्हतं. या पट्ट्यातल्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. रविवारी सारं जग सिनेमा बघतं तेव्हा इथला माणूस लेथवर उभा. मग १९६८ साली सोपानराव नावाच्या एका फोरमननं पिंपरी-आकुर्डीतले चाळीस कामगार गोळा केले आणि सांगितलं, राव, आपण रविवारी सिनेमा बघू शकत नाही ना, मग गुरुवारी सिनेमा काढू.

लोकांनी वेड्यात काढलं. पण एकसष्ट गुरुवार खपून यांनी पिक्चर पुरं केलं. मुंबईचा कॅमेरावाला सोडला तर सगळे घरचेच. टायपिस्ट नायिका, वेल्डर खलनायक. फोरमन दिग्दर्शक असल्यामुळे कंपनी चालली थेट कारखान्यासारखी. भोंग्याऐवजी घंटा, हजेरीला पत्र्याचे बिल्ले, मालाला स्टोअरकीपर आणि शॉट पास-नापास करायला तपासणी खातं. ते खातं म्हणजे श्रीपादराव. तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते आणि गुरुवार उजाडायच्या आधी ते उठून बसलेले असत. तसे गुरुवार पुन्हा आले नाहीत. पिक्चर बहात्तरच्या सुरुवातीला लागलं, तीन आठवडे चाललं. पुढं कंपनीनं कारखान्यांसाठी 'हातमोजे घाला, अपघात टाळा' छापाच्या चार-दोन फिल्मा काढल्या, आणि सोपानराव गेल्यावर तेही थांबलं.

नोकरीत श्रीपादरावांची एक पद्धत होती. भाग बिघडला की 'कुणी बिघडवला' असं ते कधी विचारत नसत. 'शेवटचा बरोबर कुठं होता' एवढंच विचारायचे आणि तिथून पुढं चालत यायचे. बुधवारी सकाळी त्यांनी शालनबाईंना शेडमध्ये बोलावलं आणि तिथूनच सुरुवात केली.

"कपाट कधी कधी उघडतं?"

"खंडेनवमीला. वर्सातनं येकदाच." त्या डोळे पुसत म्हणाल्या. "कारखान्यात मशिनीची पूजा करत्यात, तशी आमी डब्यांची. सोपानदादांनी घालून दिल्यालं. बाराच्या बारा डबे भायेर काढायचे, हळदकुंकू, झेंडूचं फूल, आन् परत आत."

"पहिली पूजा कधीची?"

"ज्या साली पिक्चर लागलं त्या दसऱ्याची. तवा किल्ली स्टोअरवाल्या हिंदुरावांकडं. ते कपाट उघडायचे, मी ताट धरायची. पुढं दोन वर्सांनी त्यांचे गुडघे गेले, तवा किल्ली माज्याकडं आली. त्याच येळी ही शेड आर्धी भाड्यानं दिली. रॅकवरचं सामान, पडदे, पुठ्ठ्याचं देऊळ, समदं टेंपोत भरून माज्या भावाकडं चाकणला धाडलं. कपाट तेवढं ऱ्हायलं."

"डबे कधी उघडलेत?"

"सीलाला हात लावू नका, आसं तुमीच तर बजावलं हुतं. मी निस्ता मधोमध टिळा लावायची. जिथं आदीच हुता, तिथंच."

"आधीच होता म्हणजे?"

"पैल्या साली मी ताट घिऊन गेले, तर झाकणांवर टिळा आदीच. म्हनलं सोपानदादांनी सकाळीच पूजा उरकली आसंल. त्याच्यावरच मी माजा लावला."

श्रीपादरावांनी मान डोलावली आणि ते वाक्य तिथंच सोडून दिलं. त्यांचं लक्ष न उघडलेल्या दहा डब्यांकडे गेलं होतं. झाकणाच्या कडेनं गोल फिरवलेली कापडी पट्टी वाळून पापडासारखी झाली होती. तिच्यावर नऊ दसऱ्यांची हळद, कुंकू, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, सगळं थरांनी बसलेलं. त्यांनी ब्लेडनं एक पट्टी अलगद सोडवली. खालचा पत्रा लखलखीत होता. त्यावर कुंकवाचा कणसुद्धा नव्हता.

त्यांनी दुसरी सोडवली, तिसरी सोडवली. तिथंही तेच.

"शालनबाई," ते म्हणाले, "हे डबे पहिल्या पूजेच्या आधीच सीलबंद झालेत. त्यानंतर कुणीच उघडलेले नाहीत. तुमच्या कमरेला किल्ली आली तेव्हा आत कचराच होता."

३

अर्जुनरावांचं वर्कशॉप भोसरीला होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात पुसत विचारलं, "पट्टी काढून पुन्हा चिकटवली नसेल कशावरून?"

"तसं असतं तर पट्टीखाली कुंकू सापडलं असतं. मधली वर्षं पट्टीवर आहेत, खाली नाहीत."

"हे तुमचं शास्त्र चौकीवर कोण ऐकणार? पिक्चर कुठंय ते सांगा." अर्जुनराव जरा घुटमळले. "मला तरी कुठं हौस आहे, श्रीपादराव? त्या बाईच्या हातच्या भाकरी खाल्ल्यात मी. पण चाळीस लोक मला विचारणार. सोपान असता तर त्यानं माझी गचांडी धरली असती."

एवढ्यावर बोलणं संपलं. श्रीपादराव बसस्टॉपवर उभे राहून हिशोब मांडू लागले. पहिल्या पूजेच्या आधी डब्यांत हात घालू शकणारे चारच. सोपानराव, ते तर आता देवाघरी. स्टोअरकीपर हिंदुराव. स्वतः श्रीपादराव. आणि पद्मा, जिच्याकडे पिक्चर नाहीसं व्हावं असं वाटण्याचं कारण होतं.

पद्मा म्हणजे टायपिस्ट नायिका. आता त्या आकुर्डीला राहत, बँकेत होत्या, चष्मा लागला होता. पिक्चर लागलं त्याच वर्षी त्यांचं लग्न ठरलं, आणि सासरी सिनेमाचं नाव काढायची चोरी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. संध्याकाळी श्रीपादराव दारात दिसताच त्यांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि जिन्याखाली येऊन बोलल्या.

"मी सोपानदादांना म्हटलं होतं, जाळून टाका ते पिक्चर. खोटं कशाला बोलू. ते म्हणाले, 'पोरी, एकसष्ट गुरुवार जाळू?' मग मी पुन्हा विषय काढला नाही."

"आणि आता?"

"आता लेक सात वर्षांची आहे. तिनं माझा एक फोटो पाहिला, हंडा घेतलेला. विचारते, ही कोण?" पद्माताई चष्मा काढून पुसत राहिल्या. "तुम्ही पिक्चर शोधाच, श्रीपादराव. मी तिला शेजारी बसवून दाखवणार आहे. घरात काय व्हायचं ते होऊ दे."

माणूस खोटं बोलताना असं बोलत नाही. श्रीपादराव निघायला वळले, तशा त्या एकदम हसल्या.

"मुंबईहून डबे परत आले तो दिवस आठवतो? चोवीस डबे. प्रत्येक रिळाचा चांगला माल एका डब्यात, त्याच रिळाचा टाकाऊ माल दुसऱ्यात. दोन्हींवर नाव तेच, नंबरही तेच. सोपानदादांची कारखान्याची शिस्त. आणि तुम्ही दोन रंगांचे डबे घेऊन बसला होता, ब्रश हातात. माझ्या नव्या साडीवर हिरवा ठिपका पाडलात. तो डाग आजतागायत गेला नाही."

श्रीपादरावही हसले आणि निघाले. पण स्टेशनाच्या पुलावर त्यांचे पाय थबकले.

हिरवा ठिपका. मग दुसरा रंग कुठला होता?

४

रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. गुरुवारी उजाडताच त्यांनी शालनबाईंना उठवून किल्ली घेतली. एक डबा काढला, ओल्या फडक्यानं झाकणावरचं कुंकू पुसायला सुरुवात केली. नऊ वर्षांचा थर निघता निघेना. फडकं लाल झालं, ते पिळून पुन्हा पुसलं. हळद गेली, कुंकू गेलं. मधोमध रुपयाएवढा एक गोल तेवढा राहिला. घासला, नखानं खरवडला, तरी हलेना.

तो रंग होता. लाल. शालनबाईंना पहिल्याच वर्षी दिसलेला टिळा.

श्रीपादराव ते फडकं तसंच घेऊन भिंतीवरच्या पाटीकडे गेले. वरून खाली एक हात मारला. त्यांचंच घोटीव, वळणदार अक्षर वर आलं. पहिला नियम वेळेवर हजर राहण्याचा होता, दुसरा बिड्या बाहेर ओढण्याचा. तिसरा होता: 'रिजेक्ट माल सील करून कुलपात ठेवावा. ओके माल मोकळ्या रॅकवर ठेवावा.'

ते तिथंच खुर्चीत बसले. साठीला टेकलेल्या माणसाला एवढी लाज वाटू शकते, हे त्यांना नव्यानं कळलं.

तरी तपासणी अर्धवट सोडायची सवय नव्हती. हिंदुराव चिंचवड गावात, मोरयाच्या देवळाच्या अलीकडे राहत. ओसरीवर गुडघ्यांना तेल चोळत बसले होते.

"या, तपासणीसाहेब. लई दिसांनी."

"हिंदुराव, एक विचारतो. स्टोअरमध्ये नापास माल कुठं ठेवायचा?"

"ह्ये काय इचारनं झालं? पिंजऱ्यात. कुलूप लावून. नापास माल उघड्यावर ऱ्हायला की कुनीतरी चुकून उचलतंय, गाडीला बसवतंय, आन् मग मानूस मरतंय. तीस वर्सं नोकरी केली, माज्या पिंजऱ्यातनं येक नापास नट भायेर गेला न्हाई." म्हाताऱ्याची छाती फुगली.

"आणि पास माल?"

"त्यो रॅकवर, हाताशी. केव्हा बी लागतोय की."

"मुंबईहून आलेले पिक्चरचे डबे?"

"तसंच. लाल ठिपकावाले बारा सील केले, कपाटात घातले. हिरवं बारा रॅकवर. तुमी ठिपकं दिलं, मी ठेवलं. का वो, चुकलं काय?"

"नाही," श्रीपादराव म्हणाले. "तुमचं काहीच चुकलं नाही."

५

दुपारी अर्जुनरावांच्या टेंपोत पाच माणसं चाकणच्या रस्त्याला लागली. पुढं अर्जुनराव आणि हिंदुराव, मागं श्रीपादराव, शालनबाई आणि हाफ डे टाकून आलेल्या पद्माताई. श्रीपादरावांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. "गुरुवारच आहे, चला," एवढंच म्हणाले होते. मोशी मागं पडली, इंद्रायणीचा पूल गेला, आणि मागं बसलेल्या तिघांना ते एकसष्ट गुरुवार आठवायला लागले. डब्यातली भाकरी, सोपानरावांची शिट्टी, ढग आला की सगळ्यांचं एकदम आभाळाकडे बघणं. शालनबाई मात्र सारख्या उन्हाकडे बघत होत्या. संध्याकाळ व्हायला आता तीन-चार तासच उरले होते.

शालनबाईंचा भाऊ साहेबराव याची कांद्याची वखार शेतातच होती. बांबूच्या फटीफटीच्या भिंती, वारा आरपार. नवा कांदा अजून रानात होता, म्हणून वखार रिकामी होती. कोपऱ्यात पुठ्ठ्याचं देऊळ कळस मोडून उभं होतं. त्याच्यामागं गुंडाळलेले पडदे, आणि पडद्यांखाली कांद्याच्या सालपटांत बुडालेला पत्र्याच्या डब्यांचा ढीग. साहेबरावानं वर बसायला पोतं टाकलं होतं.

श्रीपादरावांनी पोतं उचललं. झाकणावरची सालपटं फुंकली. मधोमध हिरवा ठिपका.

त्यांनी बारा मोजले. मग उठून उभे राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या विरुद्ध अहवाल दिला.

"कारखान्यात नापास माल कुलपात ठेवतात, पास माल बाहेर. जगात सगळीकडे उलटं असतं. लोक मोलाची वस्तू कुलपात ठेवतात. आम्ही कारखान्याची माणसं, आम्हाला दुसरं जग ठाऊकच नव्हतं. नियम मी लिहिला, लाल ठिपका मी मारला, हिंदुरावांनी नियम पाळला. पुढं आम्हीच ते विसरलो. कुलपात आहे म्हणजे मोलाचं, असं धरून चाललो. ठिपका दिसला असता तर कळलं असतं, पण त्यावर पहिल्याच दसऱ्याला कुंकू चढलं, आणि दरसाल चढत गेलं. नऊ वर्षं आपण टाकाऊ शॉटांची पूजा केली. खरं पिक्चर कांद्यात पडून राहिलं." ते शालनबाईंकडे वळले. "चोरी झालीच नाही. चूक माझी. आणि मंगळवारी तुमच्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसलो, ती दुसरी चूक. ती पहिलीपेक्षा मोठी."

अर्जुनराव खाली बघत होते. मग टोपी काढून म्हणाले, "वहिनी, माझं तोंड वाईट आहे. मी चुकलो." आजवर त्यांनी शालनबाईंना कधी वहिनी म्हटलं नव्हतं.

शालनबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "आदी डबा उघडा," त्या म्हणाल्या. "आत हाय का न्हाई ते बगा. मला सोमवारी कामावं जायचंय."

डबा उघडला. कोंडून कुजलेल्या फिल्मचा तो आंबूस वास नाही, की काही नाही. वखारीतल्या वाऱ्यानं फिल्म कांद्यासारखीच राखली होती. श्रीपादरावांनी चार हात रीळ सोडवून बांबूच्या फटीतल्या उन्हात धरलं. पहिला शॉट, पाटी नाही, ठोका नाही. पवनेचा काठ, आणि कामावर निघालेली माणसं.

सगळे डोक्याला डोकं लावून बघायला लागले. निगेटिव्ह ती; काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. पद्माताईंची वेणी पांढरीशुभ्र. अर्जुनरावांच्या मिशा पांढऱ्या. कंडक्टरच्या वेषातले श्रीपादराव, डोक्यावर कापूस ठेवल्यासारखे. मागं शिट्टी ओठात धरून उभे सोपानराव, चुकून चौकटीत आलेले. तेही पांढरे. हयातीत त्यांना तेवढं म्हातारं होता आलं नव्हतं.

"हा शॉट मी कसा पास केला?" श्रीपादराव पुटपुटले. "दिग्दर्शक दिसतोय की."

"बरं झालं केलात," पद्माताई म्हणाल्या.

शालनबाई एक डोळा मिटून बराच वेळ बघत होत्या. भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन नदी ओलांडणारी एक बाई त्यांना सापडली होती. त्यांनी आपल्या कानाजवळच्या पांढऱ्या बटांना हात लावला आणि पुन्हा फिल्मकडे पाहिलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "ह्यात तर मी आत्ताचीच दिसते."

परत निघताना बारा डबे टेंपोत चढवले. ते ठेवायचे कुठं, हा प्रश्न अर्जुनरावांनी काढला, तेव्हा कुणीच कपाटाचं नाव घेतलं नाही. शालनबाईंनी कमरेची किल्ली सोडून श्रीपादरावांच्या हातात दिली आणि बारा डबे एकेक करून आपल्या पायांशी मांडून घेतले. चिंचवड येईपर्यंत त्यांचा हात वरच्या डब्यावर होता.